‘कागद बघून केलेली प्रार्थना देवाला पोचते का?’

प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातल्या एका मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) तरुण संघाची चिटणीस असलेल्या भगिनीला पुढच्या महिन्यापासून रविवारच्या उपासनेत मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी देवाकडे मागायची, प्रार्थना चालवायला सांगितलंय. मंडळीत दोन तट आहेत. जुनी माणसं म्हणतात, उपासनेच्या पुस्तकातलं आणि बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं वाचा, मनाचं काही घालू नका. पोरं म्हणतात, छापील प्रार्थना मेलेली असते, आत्मा बोलवील ते बोला. तिनं विचारलंय, ‘मी कागद बघून प्रार्थना केली तर ती देवाला पोचते का? आणि बायबलमधलं वचन किती घ्यायचं, स्वतःचे शब्द किती?’

भगिनी, ख्रिस्तात सलाम. तुम्ही माझ्या धाकट्या मुलीच्या वयाच्या असाल, पण मंडळीच्या वतीनं उभ्या राहणार आहात म्हणून ‘तुम्ही’च म्हणतो. मी निपाणी, खानापूर आणि बेळगाव शहर मिळून ३४ वर्षं पाळकाचं काम केलं. प्रार्थनेत चुकायच्या जेवढ्या म्हणून तऱ्हा आहेत त्या बहुतेक करून झाल्यात.

पोचते. प्रभू येशूनं गेथशेमाने बागेत तेच शब्द पुन्हा म्हणून प्रार्थना केली, असं मत्तय २६:४४ मध्ये सरळ लिहिलंय. वधस्तंभावर त्याच्या तोंडी आलेलं ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे २२व्या स्तोत्राचं पहिलंच वाक्य. पित्याच्या हाती आत्मा सोपवतो, हे ३१व्या स्तोत्रातलं. प्राण जाताना माणसाला जे सुचेल ते तो बोलतो. त्याला स्तोत्रं सुचली, कारण ती लहानपणापासून तोंडात होती. तेव्हा पाठ असलेलं ते खोटं, असं तुमच्या पोरांनी म्हणू नये.

पण पोरांचं सगळंच चुकतंय असंही नाही, आणि त्यांच्याबद्दल बोलण्याआधी माझं एक सांगतो. निपाणीला असताना एका घरसभेत कुणीतरी टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता. माझी प्रार्थना झाली, चार मिनिटांची. कागद नाही, पुस्तक नाही, डोळे मिटून, अगदी उत्स्फूर्त. घरी आल्यावर ती कॅसेट आमच्या मंडळींनी (म्हणजे बायकोनं, चर्चनं नव्हे) ऐकली आणि चपात्या लाटता लाटता मोजलं. ‘प्रभू’ हा शब्द ४१ वेळा. ‘हे प्रेमळ, दयाळू, कृपाळू बापा’ सहा वेळा. ज्या घरात बसलो होतो, तिथल्या आजारी माणसाचं नाव एकदाच, तेही चुकीचं. ती म्हणाली, ‘तुमी बी पाठच केलंय की. फकस्त कुठनं केलंय ते तुमाला म्हाईत न्हाई.’

उत्स्फूर्त म्हणतो त्या प्रार्थनेतलं बरंचसं हे असं असतं. आधीच्या पाळकाचं उचललेलं, कन्व्हेन्शनच्या लाऊडस्पीकरवरून कानात बसलेलं, हल्ली मोबाईलवरच्या गाण्यांतलं. खानापूरचा पोरगा घरी आईशी मराठी बोलतो, बाजारात कन्नड बोलतो, आणि प्रार्थनेला उभा राहिला की एकदम ‘प्रभू, तेरा धन्यवाद’ म्हणत हिंदीत शिरतो. देवाला हिंदी कळतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते आतून आलेलं आहे असं मला कुणी सांगू नये. वाचणारा आणि बोलणारा, दोघंही कुठून ना कुठून शब्द घेतातच. म्हणून मी विचारतो की घेतलेत कुठून, आणि ते शब्द समोर बसलेल्या माणसापर्यंत आले का?

आता जुन्या माणसांकडे वळतो. वचन वाचलं की प्रार्थना चुकत नाही, असं त्यांना वाटतं. चुकते. माझी चुकलीय, आणि ती अजून विसरता येत नाही.

कामाला लागून दोन-तीन वर्षंच झाली होती. खानापूरच्या पश्चिमेला, जंगलाच्या कडेला एक वस्ती. भातकापणीचे दिवस. विशीतल्या एका पोराला भाऱ्यातून साप चावला आणि दवाखान्यात पोचायच्या आत तो गेला. मयताच्या घरी मी गेलो आणि बायबल उघडलं ते ९१व्या स्तोत्रावर. आधीच्या तीन घरी तेच वाचलं होतं आणि लोकांना बरं वाटलं होतं. परात्पराच्या आश्रयी राहणाऱ्याला काही अरिष्ट येणार नाही, देवदूत त्याला हातांवर झेलतील, असं ते स्तोत्र. वाचत वाचत १३व्या वचनापर्यंत गेलो. तिथं सिंह आणि नाग यांना पायाखाली तुडवण्याची गोष्ट आहे.

‘नाग’ हा शब्द तोंडातून गेला आणि माझा आवाज बसला. भिंतीला टेकून बसलेल्या आईनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. ती काही बोलली नाही.

मंडळीतले एक म्हातारे पंच शेजारी होते. त्यांनी माझ्या हातातलं बायबल हळूच काढून घेतलं, ‘साहेब, जरा तेरावं स्तोत्र बघतो’ म्हणाले आणि वाचायला लागले. त्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत दावीद देवाला चारदा विचारतो, कुठवर? मला कुठवर विसरणार, तोंड कुठवर लपवणार? म्हाताऱ्यांनी सावकाश वाचलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, ‘प्रभू, ह्यो पोरगा पेरणीला माझ्याबरूबर हुता. कापणीला न्हाई. आम्हास्नी काय बी कळंना झालंय. आमेन.’ आई तेव्हा रडली. सकाळपासून रडली नव्हती, असं नंतर कुणीतरी सांगितलं.

मत्तयाच्या ४थ्या अध्यायात सैतान मंदिराच्या शिखरावर प्रभूला वचन ऐकवतो ना, ते ह्याच ९१व्या स्तोत्रातलं आहे. अभ्यासात ते मी शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. कळलं त्या घरात. वचन खरं असतं, तरी ते कुठल्या घरात आणि कुणापुढे उघडतोय, हे बघायची जबाबदारी वाचणाऱ्याची. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत, त्यांतली कितीतरी नुसती गाऱ्हाणी आहेत, आणि ८८वं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं. आपण मात्र २३, ९१ आणि १२१ एवढ्यावरच प्रपंच चालवतो.

त्या म्हाताऱ्यांनी केलं ते मी पुढे प्रेषितांची कृत्ये ४थ्या अध्यायात पुन्हा वाचलं, आणि तुम्हाला शिकवायचं तर मी तेवढा एकच उतारा शिकवीन. प्रभूचे शिष्य पेत्र आणि योहान अधिकाऱ्यांच्या धमक्या खाऊन सुटून आलेत. मंडळी एकत्र प्रार्थना करते. निर्मात्या देवाला हाक मारून सुरुवात होते २ऱ्या स्तोत्रानं, राष्ट्रं का खवळली, पृथ्वीचे राजे का उठले, असं दाविदाचं जुनं वचन. लगेच पुढच्या वाक्यात ‘या शहरात’ असे शब्द येतात आणि नावं येतात, हेरोद, पंतय पिलात. स्तोत्रातले ‘राजे’ कोण ते त्यांनी आपल्या गावात बोट ठेवून दाखवलं. मग २९व्या वचनात मागणं: आता त्यांच्या धमक्यांकडे बघ, आणि आम्हाला धैर्यानं बोलू दे. वचन, मग आपलं गाव, मग मागणं. धमक्या बंद कर असं त्यांनी मागितलं नाही, हेही बघून ठेवा. वचनानं सुरुवात केली की मागणंसुद्धा जरा बदलतं, असा माझा अनुभव आहे.

हे आपल्याकडे कसं करायचं? जून महिना धरू. तुमच्याकडे धूळवाफ पेरणी होऊन बसलेली असते आणि मृग कोरडा जातो. अशा रविवारी मी ६५वं स्तोत्र काढतो. ९व्या आणि १०व्या वचनांत देव जमिनीचा समाचार घेतो, नांगराच्या तासांत पाणी भरतो, ढेकळं सरींनी मऊ करतो. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ती दोनच वचनं वाचायची, सावकाश. मग थांबायचं. पाच-सहा श्वास. हा थांबा सगळ्यात अवघड, कारण वाटतं लोक म्हणतील ही विसरली. म्हणू देत. मग डोळे मिटून त्याच शब्दांना धरून बोलायचं: ‘प्रभू, तू जमिनीचा समाचार घेतोस असं वाचलं. आमच्या शिवारात बी मातीत पडून आहे. ज्यांनी सोसायटीचं कर्ज काढलंय ते आज इथं बसलेत. त्यांच्या तासांत पाणी भर. आणि उशीर होणार असेल तर एकमेकांना बियाणं द्यायची बुद्धी दे.’ एवढंच. एक मिनिटही लागत नाही. ह्यात समाचार आणि तास हे शब्द वचनातले, कर्ज आणि बियाणं आपलं. सांधा दिसू नये.

ह्याच्या उलट एक रोग आहे, त्यापासून सांभाळा. डोळे मिटून, वचनाचा आधार घेऊन लोकांना झोडपणं. ‘हे प्रभू, तूच म्हटलं आहेस की दशमांश आणा, तर जे आणत नाहीत त्यांना...’ (दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग.) ही प्रार्थना देवाकडे जातच नाही, तिसऱ्या बाकावरच्या माणसाकडे जाते. मी केलीय, म्हणून ओळखतो.

मग नुसत्या स्वतःच्या शब्दांना जागाच नाही का? आहे, आणि ती मोठी आहे. नहेम्या २:४ बघा. नहेम्या राजाचा चाकर. राजा विचारतो, तुला काय पाहिजे? आणि उत्तर द्यायच्या आधी नहेम्या स्वर्गीच्या देवाला प्रार्थना करतो. राजा समोर असताना कुठलं स्तोत्र काढणार? प्रभूच्या दाखल्यातल्या जकातदारानंही मंदिरात छाती बडवून एकच वाक्य म्हटलं. मूल मागणाऱ्या हन्नाचे तर नुसते ओठ हलत होते, एली याजकाला वाटलं बाई प्यायलीय. रोम ८:२६ म्हणतं की शब्दच नसतील तेव्हा आत्मा कण्हून मध्यस्थी करतो. तुमच्या तरुण संघाला हे जरूर सांगा, त्यांचं मन राहील.

निपाणीत विड्या वळणाऱ्या एक मावशी होत्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. बुधवारच्या सभेत एकेकानं प्रार्थना करायची असे. तेंदूची पानं कधी कडक निघायची, विडी फुटायची, आणि मोजून घेताना छाट म्हणून बऱ्याच विड्या बाजूला पडायच्या, त्यांची मजुरी नाही. मावशींची एका बुधवारची प्रार्थना मला शब्दाशब्दानं पाठ आहे: ‘प्रभू, आज पानं लई कडक हुती. छाट लई काढली. तू बघितलंस न्हवं? मग झालं. आमेन.’ माझ्या चार मिनिटांच्या पुढे हे ठेवा. पण एक ध्यानात घ्या, त्याच मावशींना १०३वं स्तोत्र अख्खं तोंडपाठ होतं, ऐकून ऐकून. ‘तू बघितलंस न्हवं?’ असं देवाला हक्कानं विचारायचा धीर कुठून आला, ह्याचा मी पुष्कळ विचार केलाय. नुसता स्वभाव म्हणवत नाही.

आपल्या सीमाभागाचा म्हणून एक पेच आहे, तो पुण्या-मुंबईच्या पाळकांना सांगून कळत नाही. बऱ्याच मंडळ्यांत मराठी आणि कन्नड माणसं एकाच बाकावर बसतात. तुम्ही उत्स्फूर्त मराठीत भरभरून बोललात की अर्ध्या बाकाला ते निम्मं कळतं. १ करिंथ १४:१६ मध्ये पौल हेच विचारतो, ज्याला तुझं बोलणं कळत नाही तो तुझ्या उपकारस्तुतीला आमेन कसा म्हणेल? ठरलेले शब्द इथं कामाला येतात. येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना सुरू झाली की ह्या बाजूनं ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ आणि त्या बाजूनं ‘परलोकदल्लिरुव नम्म तंदेये’ एकदमच उठतं. मध्ये ओळी मागंपुढं होतात, थोडा गलका होतो, ज्यांचं आधी संपतं ते क्षणभर थांबतात आणि आमेन मात्र एकच पडतो. मजकूर सगळ्यांना माहीत आहे म्हणूनच हे जमतं.

१ नोव्हेंबरच्या आसपासचा रविवार तर विचारूच नका. मराठी सीमाभाग कन्नड राज्यात गेला म्हणून कुणासाठी तो काळा दिवस, कुणासाठी कर्नाटक राज्योत्सव. एका मंडळीत, गावाचं नाव सांगत नाही, एका भावानं त्या रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत भाषेच्या न्यायासाठी कळकळीनं मागितलं. मनापासून मागितलं, ह्यात शंका नाही. अर्ध्या मंडळीनं आमेन म्हटलं नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूच्या भावानं त्याची परतफेड केली. त्यानंतर पंचांनी ठरवलं की त्या रविवारी १ तीमथ्य २:१-२ दोन्ही भाषांत वाचायचं, राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी मागा असं जिथं सांगितलंय ते, आणि पदरचा एक शब्द घालायचा नाही. मी सीमाभागातला मराठी माणूस आहे, माझं मत मला आहे. तरी त्या दिवशी मी गप्प वाचतो.

तुमच्या जुन्या आणि नव्या तटाला वाटत असेल की हे भांडण आपलंच आहे, तर थोडं मागचं सांगतो. दिदाखे नावाचं एक अगदी सुरुवातीच्या काळातलं पुस्तक आहे. त्यात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा असं आहे, उपकारस्तुतीचे ठरलेले शब्दही दिलेत, आणि वर म्हटलंय की संदेष्ट्यांना मात्र हवं तेवढं बोलू द्या. इ.स. १५०च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाचा ख्रिस्ती लेखक लिहितो की उपासना चालवणारा आपल्या शक्तीप्रमाणे प्रार्थना करतो आणि लोक आमेन म्हणतात. म्हणजे दोन्ही पहिल्यापासून.

आपण मेथडिस्ट परंपरेतले लोक स्वतःला मोकळ्या प्रार्थनेचे वारस समजतो. पण मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीनं १७८४ मध्ये अमेरिकेतल्या मेथडिस्टांना छापील उपासनापुस्तक पाठवलं आणि सोबत सांगितलं की रविवारी हे वापरा, बुधवारी आणि शुक्रवारी त्यातली विनवण्यांची लांब प्रार्थना म्हणा, बाकीचे दिवस उत्स्फूर्त प्रार्थना करा. कॅथलिक शेजाऱ्यांच्या मिस्साचा (त्यांच्या मुख्य उपासनेचा) मजकूर ठरलेला असतो, तरी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ मध्ये विश्वासू लोकांच्या विनंत्या परत आणल्या, आणि त्यांत गावची गरज घालता येते.

प्रॉटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन लूथरचं मला विशेष आवडतं. त्याच्या न्हाव्यानं, पेत्र त्याचं नाव, त्याला विचारलं की प्रार्थना कशी करायची. १५३५ मध्ये लूथरनं त्याला उत्तर म्हणून एक छोटं पुस्तकच लिहून दिलं. प्रभूच्या प्रार्थनेतलं, दहा आज्ञांतलं एकेक वाक्य घ्यायचं आणि त्यातून शिकवण, उपकार, पापांगीकार आणि मागणं अशा चार पदरांची माळ ओवायची. आणि मधेच आत्मा काही चांगलं सुचवायला लागला तर बाकीचं सोडून गप्प ऐकायचं. न्हाव्याला न्हाव्याच्या भाषेत सांगितलं, वस्तरा चालवताना चित्त वस्तऱ्यावर आणि दाढीवर ठेवतोस ना, तसं.

आणि पंडिता रमाबाई. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली एकाच वेळी मोठमोठ्यानं, रडत, कबुली देत प्रार्थना करू लागल्या. तुमच्या तरुण संघातला सगळ्यात जोरात ओरडणारा भाऊसुद्धा तिथं शांत वाटला असता. तीच बाई हिब्रू आणि ग्रीक शिकून वर्षानुवर्षं एकेका शब्दासाठी बसली होती. १९२२ मध्ये ती गेली आणि तिचं मराठी बायबल १९२४ मध्ये छापून निघालं. ह्या दोन गोष्टींत तिला काही विरोध वाटला असेल, असं मला वाटत नाही.

तुमच्या रविवारकडे येतो. किती वचन आणि किती स्वतःचं, ह्याचं माप मी देणार नाही, वेळेचं देतो. सगळं मिळून पाच मिनिटं. वचन शनिवारीच ठरवा आणि मोठ्यानं तीनदा वाचा, म्हणजे जीभ अडखळणार नाही. बायबलची जुनी भाषा अडत असेल तर प्रार्थनेत सोपी करून बोला, वाचताना मात्र बदलू नका. ‘प्रभू’ एका वाक्यात एकदाच. एखादं स्तोत्र दर आठवड्याला चार ओळी असं पाठ करायला घ्या. आज उपयोग दिसणार नाही. पाच वर्षांनी एखाद्या आयसीयूच्या दारात दिसेल, तिथं पुस्तक उघडायला उजेडही नसतो आणि वेळही.

आजाऱ्यांची नावं घेणार असाल तर त्यांना किंवा घरच्यांना आदल्या दिवशी विचारा. दुखणं सांगितलेलं सगळ्यांनाच चालत नाही, आणि नाव चुकीचं घेण्याबद्दल मी वर बोललोच आहे. नावं कागदावर लिहा. अक्षर मोठं काढा. हात थरथरला की कागद आवाज करतो, आणि मायकापुढे तो फार मोठा ऐकू येतो, म्हणून कागद बायबलच्या आत ठेवून तिथूनच वाचा. मी अजूनही तसंच करतो.